वैशाखातला मोगरा

"उन्हाळ्यात आणि फुलबाग? तीही खानदेशात?" पुण्या-मुंबईचा पाहुणा हा प्रश्न हमखास विचारतो. त्याचंही चूक नाही. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांना टेकतो, दुपारी रस्ते ओस पडतात. पण फुलपाखरांच्या नि फुलांच्या बालकवींचा जन्मही १८९० साली याच मुलखातल्या धरणगावचा, हे विसरून कसं चालेल? आणि मोगऱ्याला तर हे ऊन हवंच असतं. दुपारभर तापलेल्या झुडपावरच्या टपोऱ्या कळ्या दिवेलागणीला उमलू लागतात, तेव्हा अंगणात टाकलेल्या बाजेवर अख्खं घर येऊन बसतं.

हा बहर आपोआप मात्र येत नाही. माझं माहेर धुळ्याचं. तिथे आई संक्रांत उलटली की मोगऱ्याचं पाणी तोडायची, फांद्या छाटायची, मुळांशी माती मोकळी करायची. झाड अगदी खराटा दिसायचं. मग शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं. कळी धरते ती नव्या फुटीवर, म्हणून ही छाटणी. मी जळगावला आले तरी हा नेम मोडला नाही.

पण पाणी आणायचं कुठून? नळ काही दिवसांआड येतो. एका कडक उन्हाळ्यात सासूबाईंनी स्पष्टच विचारलं, "सूनबाई, माणसांना पुरत नाही, तिथे फुलांना पाणी कुठलं?" प्रश्न रास्त होता.

उत्तर आमच्या पांझरेच्या काठी केव्हाचं तयार आहे. तिथली फड पद्धत शेकडो वर्षांची. नदीवर बंधारा, कालव्याखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि पाणी देणारा गावाचा पाटकरी. पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा. शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विभागलेल्या, त्यामुळे झळ सगळ्यांनाच थोडी थोडी.

बागेतही हाच हिशेब मी लावला. डेलिया, पिटुनियाची हौस हिवाळ्यात भागवायची. उन्हाळ्यात राहायचा तो मोगरा, मधुमालती, सदाफुली नि कण्हेर. नळाचं ताजं पाणी माणसांसाठी. फुलांना तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी निवळलेलं पाणी. साबणाचं किंवा कूलरच्या टाकीत उरलेलं खारवट पाणी मात्र नको.

आपली काळी माती उन्हात भेगाळते, आतली ओल उडते. त्यावर केळीची वाळलेली पानं अंथरावीत, जळगावात ती काही विकत घ्यावी लागत नाहीत! झाडाशेजारी जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं, की पाणी झिरपत मुळांना मिळतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथातही ही युक्ती सांगितलेली आहे. केळीला ठिबकनं पाणी देणाऱ्या आपल्या जिल्ह्याला थेंबाचं मोल वेगळं काय सांगायचं? सासूबाईंना हे पटलं. पुढे भाजीचं पाणी त्याच जपून बादलीत ओतू लागल्या.

राहिला सुट्टीचा प्रश्न. मुलांना मामाच्या गावाला जायचं असतं, आणि आठ दिवस कुलूप लागलं तर कुंड्यांचं काय? आमच्या गल्लीत यावर एक न लिहिलेला कायदा आहे : जो पाणी घालील, फुलं त्याची. शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यायची, नि परत येईपर्यंत गजरे त्यांच्या घरी. त्या गावाला गेल्या की त्यांची जाई आमची.

आणि हे सगळं कशासाठी? आखाजीसाठी! अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी सुरू होतात. वर्षभर दुसऱ्यांच्या वेळा सांभाळणारी लेक दोन-चार दिवस नुसती झोक्यावर बसते. तिच्या केसांत माळायला घरच्या अंगणातली ओंजळभर फुलं असावीत, एवढीच आईची इच्छा. मोगरा नेमका तेव्हाच भरात असतो.

म्हणून म्हणते, गॅलरीत जागा एका कुंडीची असली तरी पुरे. उद्या तांदळाचं धुवण मोरीत ओतताना हात जरा थांबवा. तेवढ्या पाण्यावर एक मोगरा जगतो.