शत्रूच्या लेखणीतून उरलेला राजा

सातव्या शतकात ‘इंग्लंड’ नावाचे एकसंध राष्ट्र अस्तित्वात नव्हते. रोमन सत्ता ब्रिटनमधून गेल्यानंतर तेथे अँग्लो-सॅक्सन लोकांची अनेक लहानमोठी राज्ये उभी राहिली. उत्तरेला नॉर्थम्ब्रिया, मध्यभागी मर्सिया, पूर्वेला ईस्ट अँग्लिया, दक्षिणेला केंट आणि वेसेक्स. या राजांमधील वैर हा इंग्रजी ऐतिहासिक कादंबरीचा आवडता विषय ठरला आहे. निकोला ग्रिफिथ यांची ‘हिल्ड’ (२०१३) आणि एडविन, ऑस्वाल्ड व ऑस्वियू या तीन राजांवरील एदोआर्दो अल्बर्ट यांची कादंबरीत्रयी ही त्याची ठळक उदाहरणे. मात्र या सर्व लेखकांपुढे एकच पेच उभा राहतो : ज्या राजाची बाजू कोणी लिहूनच ठेवली नाही, त्याला न्याय कसा द्यायचा?

हा राजा म्हणजे मर्सियाचा पेंडा. ६१६ मध्ये ईस्ट अँग्लियाच्या रॅडवाल्डच्या मदतीने एडविन नॉर्थम्ब्रियाच्या गादीवर आला आणि आधीचा राजा एथेलफ्रिथ मारला गेला. त्याचे मुलगे ऑस्वाल्ड व ऑस्वियू परागंदा झाले. ६३३ मध्ये पेंडा आणि वेल्श राजा कॅडवॉलन यांनी एडविनला रणांगणात ठार केले. पुढच्याच वर्षी ऑस्वाल्डने परत येऊन कॅडवॉलनचा पराभव केला. ६४२ मध्ये पेंडाने ऑस्वाल्डला मारले. त्याचे शिर व हात तोडून खांबांवर टांगण्यात आले. अखेर ६५५ मध्ये ऑस्वियूने पेंडाला संपवले.

एकच साक्षीदार

या घटनांचा मुख्य आधार म्हणजे बीड या ख्रिस्ती भिक्षूने ७३१ मध्ये पूर्ण केलेला लॅटिन इतिहासग्रंथ. बीड नॉर्थम्ब्रियातील जॅरोच्या मठात राहत असे आणि त्याचा जन्मच पेंडाच्या मृत्यूनंतरचा. साहजिकच त्याच्या ग्रंथात ऑस्वाल्ड संत ठरतो, तर जुन्या देवांना मानणारा पेंडा क्रूर शत्रू. मर्सियाच्या बाजूने लिहिलेला त्या काळातील वृत्तांत उपलब्ध नाही.

तरीही बीड प्रामाणिक होता. पेंडाने आपल्या राज्यात ख्रिस्ती धर्मप्रसाराला मनाई केली नव्हती. त्याला तिरस्कार होता तो धर्म स्वीकारूनही त्याप्रमाणे न वागणाऱ्यांचा, असे बीडनेच नोंदवले आहे. पेंडाचा मित्र कॅडवॉलन स्वतः ख्रिस्ती होता, हेही तो लपवत नाही. ऑस्वियूने ६५१ मध्ये ऑस्विन या आपल्याच धर्माच्या राजाचा खून करवला, हेही तो सांगतो. म्हणजे हा केवळ धर्माचा लढा नव्हता. सत्ता, खंडणी आणि घराण्यांचे सूड त्यात गुंतलेले होते. काळ्या-पांढऱ्या चित्रापलीकडे जाऊ इच्छिणाऱ्या कादंबरीकाराला नेमक्या याच नोंदी हाती लागतात.

मातीने दिलेली साक्ष

पुरातत्त्वानेही मोलाची भर घातली. बीडने उल्लेखिलेल्या एडविनच्या राजवाड्याच्या जागी, यीव्हरिंग येथे, १९५० च्या दशकात झालेल्या उत्खननात भव्य लाकडी सभागृहाच्या खुणा सापडल्या. १९३९ मध्ये सटन हू येथे मिळालेले जहाजातील दफन बहुधा रॅडवाल्डचे असावे, असे मानले जाते. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये, म्हणजे जुन्या मर्सियाच्या भूमीत, सुमारे ४ किलो सोन्याचा साठा मिळाला. त्यात बव्हंशी तलवारींच्या मुठींवरील नक्षीकाम आहे. स्त्रियांचे दागिने नाहीत. योद्ध्यांच्या त्या जगात सोने आणि निष्ठा यांचे नाते किती घट्ट होते, हे त्यातून दिसते.

अर्थात कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. हिल्डच्या बालपणाविषयी बीडने मोजकीच वाक्ये लिहिली. ग्रिफिथ यांनी त्यावर सविस्तर कादंबरी उभारली. अशी भर घालताना ज्ञात घटनांना धक्का लागू नये आणि पराभूताला केवळ खलनायक करून टाकू नये, एवढी अपेक्षा वाचकाने ठेवायला हरकत नाही.

पेंडाचा मुलगा पीडा याने ऑस्वियूच्या मुलीशी विवाह करण्यासाठी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. ६५६ मध्ये त्याचा खून झाला. पत्नीच्या विश्वासघातामुळे, असे बीड लिहितो. पण सोबत ‘असे म्हणतात’ हेही जोडतो. इतिहासकार तेथे थांबला. त्या मुलीने हे खरोखर केले का, आणि कोणासाठी, हे शोधणे कादंबरीकारावर सोपवले गेले.