गोपाळपूरची बैठक

झाशीच्या मानिक चौकातून राणीमहाल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाल्यावर राणी लक्ष्मीबाईंना किल्ला सोडून याच महालात राहावे लागले. तिथे गेल्यावर सगळे त्यांच्या शौर्याविषयी बोलतात. मला त्यांच्या नियोजनाविषयी लिहायचे आहे.

कॅडेट मित्रांनो, आज मोठ्या संस्था आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना एकत्र बसवून पुढची दिशा ठरवतात. बैठक चालवायला अनेकदा बाहेरचा समन्वयक बोलावतात. तो निर्णय देत नाही, प्रश्न विचारतो. उद्दिष्ट काय? आज आपण कुठे आहोत? कोणते मार्ग खुले आहेत? कोणते काम कोण, कधीपर्यंत करणार? मोठे साहेब आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात, म्हणून तो कनिष्ठांना आधी बोलते करतो. सॅण्ड मॉडेलवर आपले प्रशिक्षकही आपल्याकडून असाच विचार करून घेतात.

आता मे १८५८ पाहा. झाशी गेली होती, काल्पीही गेली. रावसाहेब पेशवे, तात्या टोपे, बांद्याचे नवाब आणि राणीसाहेब गोपाळपूरला जमले. तिथे समन्वयक नव्हता, तरी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली. उद्दिष्ट, लढा चालू ठेवणे. स्थिती, फौज विस्कळीत आणि हाती एकही बळकट किल्ला नाही. मार्ग, ग्वाल्हेर. तिथे किल्ला, खजिना आणि शिंद्यांची फौज होती, आणि त्या फौजेतले अनेक जण उठावाच्या बाजूने झुकलेले होते. ही कल्पना राणीसाहेबांची, असे अनेक इतिहासकार मानतात; काही जण तिचे श्रेय तात्यांना देतात. १ जूनला शिंद्यांची बहुतेक फौज फुटून यांना मिळाली आणि ग्वाल्हेर हाती आले.

चौथा प्रश्न मात्र राहिला. प्रमुखपद रावसाहेबांकडे होते. ग्वाल्हेरला दरबार भरला, मेजवान्या झाल्या. फौजेची तयारी करा, असा राणीसाहेबांचा आग्रह होता, पण हुकूम त्यांचा नव्हता. १६ जूनला ह्यू रोजने मुरार घेतले. दुसऱ्या दिवशी, काही नोंदींनुसार १८ तारखेला, राणीसाहेब रणांगणावर पडल्या. २० जूनपर्यंत ग्वाल्हेरही गेले.

म्हणून आपल्या हाउसच्या बैठकीत शेवटची दहा मिनिटे चौथ्या प्रश्नासाठी राखून ठेवावीत. फळ्यावर प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख लिहावी, आणि त्या तारखेला ज्याने विचारायचे त्याचेही नाव लिहावे.