खुकुरी कपाटात, कामी उंबऱ्याबाहेर!

आमचे एक स्नेही लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि नागपुरात घर बांधून राहिले. त्यांच्या दिवाणखान्यात समोरच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आहेत आणि त्याच भिंतीला लागून एक काचेचे कपाट आहे. त्या कपाटात अकरा खुकुऱ्या आहेत! (आपण मराठीत कुकरी म्हणतो, नेपाळी माणूस खुकुरी म्हणतो.) शास्त्याच्या चरणाशी शस्त्रे कशाला, असे मी त्यांना एकदा चिडवलेही. ते हसले आणि म्हणाले, "अहो, हे शस्त्र कमी आणि हत्यार जास्त. नेपाळी बाई याच खुकुरीने भाजी चिरते, लाकूड फोडते, चारा तोडते. लढाई तर कधीमधी."

सुभेदारसाहेबांचे म्हणणे खरे आहे. खुकुरी जमवण्याचा छंद जगभर पसरलेला आहे. इंग्लंड-अमेरिकेत असे संग्राहक आहेत की पाते पाहून ते कोणत्या भागातले, कोणत्या काळातले, हे सांगतात. सुभेदारसाहेबही त्याच पठडीतले. त्यांनी एकेक खुकुरी काढून माझ्या हातात दिली. ही 'सिरुपाते', सिरू नावाच्या गवताच्या पात्यासारखी सडपातळ. ही पोटाला रुंद, जड, 'भोजपुरे', म्हणजे पूर्व नेपाळातल्या भोजपूरची. ही 'तीन चिरा', पात्याच्या अंगावर तीन पन्हळी कोरलेली. ही 'चिरुवा', जिचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जाते आणि दोन्ही बाजूंनी लाकूड वा शिंग रिपिटांनी ठोकलेले असते. चांदीने मढवलेल्या म्यानाची ती 'कोठीमोरा', ती मानाची. प्रत्येक म्यानात मागच्या बाजूला दोन पिल्ले खोचलेली, एक धारदार 'कर्द', बारीकसारीक कापाकापीसाठी, आणि दुसरा बोथट 'चकमक', गारगोटीवर ठिणगी पाडायला आणि धार सरळ करायला.

मी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, या केल्या कोणी?"

"नेपाळात केल्या."

"नेपाळात कोणी?"

सुभेदारसाहेब गप्प बसले. अकरा खुकुऱ्यांचे गाव, वय, वजन, पोलाद सगळे वहीत लिहिलेले होते. करणाऱ्याचा रकाना नव्हता. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जगातल्या बहुतेक संग्राहकांच्या वहीत तो नसतोच.

म्हणून हा लेख. कारण खुकुरी करणाऱ्याला नाव आहे आणि जातही आहे. नेपाळच्या डोंगराळ भागात लोखंडाचे काम करणाऱ्या जातीला 'कामी' म्हणतात. आज हे लोक विश्वकर्मा हे आडनाव लावतात, थोडक्यात 'वि.क.' असे लिहितात. २०२१ च्या जनगणनेत त्यांची संख्या नेपाळच्या लोकसंख्येच्या सुमारे ५ टक्के भरली. दलितांमधली ती सर्वांत मोठी जात. खुकुरीचे म्यान, म्हणजे 'दाप', लाकडाचे असते, त्यावर चामडे चढवणारा 'सार्की', तोही दलित. म्हणजे ज्या वस्तूवर नेपाळचा सारा लौकिक उभा आहे, ती मुठीपासून म्यानाच्या टोकापर्यंत अस्पृश्यांच्या हातची आहे!

आता ती कशी होते ते पाहा. कामीच्या कामाच्या जागेला 'आरन' म्हणतात. आपल्या लोहाराच्या शाळेसारखीच. लोणारी कोळसा, भाता, ऐरण, घण. पोलाद बहुधा ट्रक-जीपच्या कमानीच्या जुन्या पाट्यांचे. हे पोलाद लवचीक असते, सहजी मोडत नाही. एकजण तापलेला तुकडा सांडशीत धरतो, दुसरा-तिसरा घणाचे घाव घालतो. घावांनी पाते लांबते, मध्येच वाकते, पाठ जाड राहते आणि पोट पातळ होते. वजन पुढे, टोकाकडे गेल्यामुळे हाताच्या हलक्या झटक्यातही घाव खोल बसतो. मुठीजवळ धारेच्या सुरुवातीला एक छोटी खाच पाडतात, तिला 'काउडी' म्हणतात. ही खाच कशासाठी? कोणी सांगतो गाईचे पाऊल, कोणी सांगतो शंकराचा त्रिशूळ, कोणी सांगतो रक्त किंवा चीक मुठीवर ओघळू नये म्हणून. लोहाराने केलेल्या प्रत्येक वस्तूत गाय आणि देव शोधून काढणारे लोक कोण असतात, ते वाचकांना सांगायची गरज नाही.

खरे कसब पुढे आहे. पाते तयार झाले की कामी ते पुन्हा लाल करतो आणि किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार फक्त कडेवर सोडतो. संपूर्ण पाते बुडवत नाही. कड चटकन थंड होऊन कडक बनते, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. म्हणून खुकुरीची धार टिकते आणि तरी ती हाडावर आपटली तर तुटत नाही. किती लाल झाले म्हणजे पाणी सोडायचे, किती वेगाने, कुठून कुठवर, याचे पुस्तक नाही. ते डोळ्यांत आणि मनगटात असते, बापाकडून लेकाकडे गेलेले. आपल्याकडचे लोहारही याला 'पाणी देणे' म्हणतात.

पाणी! इथेच सारी गोम आहे. १८५४ साली जंगबहादूर राणाने नेपाळात 'मुलुकी ऐन' लागू केला. हा जंगबहादूर १८५० मध्ये इंग्लंड-फ्रान्स पाहून आला होता. युरोप पाहून आल्यावर त्याने काय केले, तर मनूला सरकारी शिक्का मारून दिला! साऱ्या प्रजेची जातवार उतरंड कायद्यात लिहिली. तळाच्या वर्गाचे वर्णन असे होते की त्यांच्या हातचे पाणी चालत नाही आणि त्यांचा स्पर्श झाला तर अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हावे लागते. कामी, सार्की, दमाई, गाइने, बादी, पोडे, च्यामे हे सारे त्या वर्गात. त्यातही वर-खाली होतेच. कामी-सार्की वरच्या बाजूला, पोडे-च्यामे अगदी तळाला. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती इथे कलमवार छापलेली सापडते. ज्याच्या हातच्या पाण्याने खुकुरीला धार येते, त्याच्या हातचे पाणी सवर्णाच्या तोंडाला चालत नाही. खुकुरी मात्र चालते. दशैंच्या सणात त्याच खुकुरीने देवीपुढे बोकड-रेडे कापले जातात!

विटाळ फेडायला जे पाणी शिंपडतात त्याला 'सुनपानी' म्हणतात, म्हणजे सोने बुडवलेले पाणी. ते सोने घडवणारा सुनार नेपाळच्या डोंगरात कोण? तोही अस्पृश्य! अस्पृश्याने घडवलेल्या दागिन्याने अस्पृश्याचा विटाळ फिटतो.

आपल्या महाराष्ट्राकडे पाहिले म्हणजे या लबाडीचा उलगडा होतो. आपल्या गावगाड्यात लोहार हा बलुतेदार होता. त्याला कमी लेखले, राबवले, पण तो अस्पृश्य नव्हता. सोनार तर आपल्याकडे स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवून घेतात. लोखंड तेच, भाता तोच, सोने तेच, फुंकणी तीच. मग एका ठिकाणी तो स्पृश्य आणि दुसऱ्या ठिकाणी अस्पृश्य कसा? घाणेरड्या धंद्यामुळे अस्पृश्यता आली, असे आजही काही सुशिक्षित लोक शहाजोगपणे सांगतात. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात धंद्याची आणि वंशाची ही उपपत्ती फेटाळून लावली. ज्याला तो ग्रंथ वाचायला सवड नाही, त्याने एवढेच विचारावे की लोखंड ठोकण्यात घाण ती कोणती?

आता खुकुरीच्या कीर्तीकडे येऊ. १८१४ ते १८१६ च्या युद्धात इंग्रजांनी गोरख्यांचा मार खाल्ला. डेहराडूनजवळ नालापानीला बलभद्र कुंवरच्या मूठभर लोकांनी त्यांना रडवले. मग इंग्रजांनी याच लोकांना आपल्या फौजेत घेतले आणि पुढे 'लढवय्या जाती' नावाचे शास्त्र काढले. मगर, गुरुंग, राई, लिंबू लढवय्ये ठरले. खुकुरी चालवणारा लढवय्या, खुकुरी घडवणारा मात्र नाही. कामीला पलटणीत जागा मिळाली तर ती बहुधा कारागिराची, हत्यारे दुरुस्त करण्याची. आपल्या वाचकाला हे शास्त्र नवे नाही. याच शास्त्राच्या नावाखाली १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली, ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरली होती त्यांची! गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. सुभेदारसाहेब त्याच रेजिमेंटचे. म्हणूनच मी त्यांना तो प्रश्न विचारला होता.

२००३ साली संग्राहकांच्या जगात एक मोठी घटना घडली. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात, म्हणजे जुन्या शस्त्रागारात, पडून असलेला साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला. बंदुका, तोफा आणि हजारो खुकुऱ्या. पाश्चात्त्य गिऱ्हाइकांनी त्या हौसेने घेतल्या. अनेकींच्या पाठीवर देवनागरी अक्षरे ठोकलेली आहेत. न वाचता येणारी ती अक्षरे लावून घेण्यासाठी गोरे संग्राहक धडपडतात. वाचून काय मिळते? पलटणीचे नाव, राणाचे नाव, साठ्याचा क्रमांक. म्हणजे ती कोणाच्या मालकीची होती ते मिळते. अलीकडे परदेशी मागणीसाठी काम करणारे काही कामी खाचेजवळ आपली बारीक खूण ठोकतात आणि जाणकार संग्राहक ती खूण ओळखतात, तिला जास्त किंमत देतात, ही चांगली गोष्ट आहे. पण ती जास्तीची किंमत आरनापर्यंत किती पोचते, हे गिऱ्हाइकाने विचारले पाहिजे.

कारण मजुरीचा इतिहास वाईट आहे. गावात कामीला रोख पैसे मिळत नसत. वर्षभर नांगराचा फाळ, कोयता, खुकुरी करून द्यायची, शेवटून द्यायची आणि सुगीला धान्य न्यायचे. याला तिकडे 'बालीघरे' म्हणतात. आपले बलुते तेच. धान्य किती, ते मालकाच्या मर्जीवर. आणि ते घ्यायचे तेही अंगणात उभे राहून.

याविरुद्ध तिकडे लढा झालाच नाही, असे कोणी समजू नये. १९४० च्या दशकात बागलुंगच्या भगत सर्वजित विश्वकर्मांनी संघटना बांधली. १९५४ साली सहर्षनाथ कपाली यांच्या नेतृत्वाखाली दलितांनी पशुपतिनाथाच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह केला. आपल्याला काळाराम आठवावा! त्यानंतर दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, खुद्द बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. २० नोव्हेंबरला त्यांनी तिथे 'बुद्ध की कार्ल मार्क्स' हे भाषण दिले. प्रकृती ढासळलेली होती, सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ते ज्या देशात बोलत होते, त्या देशात जातीची उतरंड त्या दिवशीही कायद्याच्या पुस्तकात होती. ती १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनाने निघाली. २००६ साली संसदेने नेपाळ अस्पृश्यतामुक्त घोषित केला. २०११ साली शिक्षेचा स्वतंत्र कायदा आला.

घोषणा झाली, माणसे बदलली का? २३ मे २०२० रोजी जाजरकोटचा नवराज वि.क. हा तरुण आपल्या सवर्ण प्रेयसीला आणायला मित्रांसह पश्चिम रुकुमच्या सोती गावी गेला. गावाने त्यांना दगडांनी ठेचत भेरी नदीपर्यंत पिटाळले. सहा तरुण मेले. नवराज याच विश्वकर्मा समाजाचा, मेलेल्यांत सुनारही होते आणि एक सवर्ण मित्रही. २०२३ साली जिल्हा न्यायालयाने आरोपींपैकी अनेकांना जन्मठेप सुनावली. २०२१ मध्ये काठमांडूत रूपा सुनार या पत्रकार तरुणीला जात कळल्यावर भाड्याची खोली नाकारली गेली. तिने तक्रार केली, घरमालकिणीला अटक झाली. ती सुटली तेव्हा एक मंत्रीमहाशय आपल्या गाडीतून तिला घरी सोडायला गेले! खैरलांजी पाहिलेल्या महाराष्ट्राला यात काय समजावून सांगायचे?

हे सगळे मी सुभेदारसाहेबांना एका बैठकीत सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही टोकले नाही. छंद सोडा, असे मी म्हणालो नाही. उलट घ्या, पण घेताना तीन गोष्टी विचारा, असे म्हणालो. आरन कुठले, हात कोणाचा आणि त्याला किती मिळाले. दुकानदार सांगत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. कामीची मुले आज आखातात, मलेशियात, आपल्या मुंबई-पुण्यात मजुरीला जातात आणि यंत्रावर कापलेली पाती हातची म्हणून विकली जातात, हेही मी त्यांच्या कानावर घातले.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मी गेलो तर अकराही खुकुऱ्या जाजमावर मांडलेल्या, हातात भिंग आणि टेबलावरचा दिवा खाली ओढलेला. "या, बसा," म्हणाले, "एकीवर सापडली." खाचेच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढी, ठोकलेली एक चंद्रकोर. बाकी दहांवर काही नव्हते. वहीत त्यांनी पट्टीने नवा रकाना आखला होता, वर लिहिले होते, 'घडवणारा'. एका ओळीत चंद्रकोर काढलेली होती आणि खाली दहा घरे रिकामी.