उघडिपीचा रविवार

पहाटे ५

चारा टाकायच्या आधी मामा बॅटरी घेऊन ठाणांपुढून एक फेरी मारतात. मामा म्हणजे आमचे मोतद्दार. पागेचं खरं वेळापत्रक त्यांच्या हातात, आम्ही शिक्षक नावाला. नजर जमिनीवर: रात्रभरात लीद किती पडली, ओली की सुकी, बादलीतलं पाणी किती उतरलं. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे, नाही सरकलं तर पोटशूळ, आणि तो जिवावर बेतू शकतो. लीद कमी दिसली की मामा घोड्याच्या बरगड्यांमागे कान लावतात, आधी डावीकडे, मग उजवीकडे. आत गुडगुड असली की बरं. गप्प पोट वाईट.

आज सगळ्यांची पोटं बोलतायत. आधी सुकं गवत, चंदी नंतर. घोड्याचं जठर देहाच्या मानानं लहान असतं, दिवसभर थोडं थोडं चरण्यासाठी झालेलं. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठेक किलो वैरण लागते, पण ती एकदम पुढ्यात टाकून भागत नाही.

मुळशीकडची झड लागली की रिंगणात तळं होतं आणि घोडे ठाणबंद. तेवढे दिवस चंदी अर्धी. पूर्ण चंदी खाऊन नुसता उभा राहिलेला घोडा अचानक कामाला काढला तर त्याचे पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात आणि तो जागच्या जागी खिळतो. विलायतेत ओझ्याच्या घोड्यांना रविवारी सुट्टी असे आणि हे दुखणं सोमवारी दिसे, म्हणून त्याला सोमवारचा आजारच म्हणत.

६

खरारा आणि खूर. पावसाळ्यात खरं काम खुरांचं. टाचेकडून पुढच्या टोकाकडे हूक ओढत चिखल काढायचा आणि वास घ्यायचा. सडका वास आला की तळव्याच्या मधला मऊ त्रिकोण कुजायला लागला. तो स्वच्छ करून, कोरडा करून मोरचूद लावायचं आणि मुख्य म्हणजे ठाण कोरडं ठेवायचं. औषधापेक्षा फावडं जास्त उपयोगी पडतं.

पावणेसात

रेशमाला लांब दोरीवर घेते. ती थरोब्रेड, रेसमधून निवृत्त झालेली. असे घोडे पाच-सहा वर्षांचे होईतो शर्यतीतून बाद होतात, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं त्यांनी काय करायचं हा प्रश्न कुणीतरी सोडवावा लागतो. त्यातले काही आमच्यासारख्या पागांत येतात. पुण्याचा रेसचा मोसम पावसाळ्यातच असतो, त्यामुळे ओल्या मातीचा वास आला की हिला अजून वाटत असावं की आपली पाळी आहे. पहिल्या दोन फेऱ्यांत चारही पाय हवेत. मी मध्यभागी उभी राहून काहीच करत नाही. तिला दमवायचं नसतं. दमवलं तर घोडा उद्या आणखी तगडा होतो. ती माझ्याकडे एक कान वळवते आणि जबडा चावल्यासारखा हलवते, तेव्हा थांबायचं.

आज तिच्यावर कुणीही मूल बसणार नाही. उघडिपीच्या रविवारी हे आधी फळ्यावर लिहावं लागतं, कारण गेटमधून आत आलेलं प्रत्येक कुटुंब पहिलं बोट तिच्याकडेच दाखवतं.

साडेसात

पहिली तुकडी. आठ मुलं, अकरा पालक, एक आजी.

नियम सोपे आहेत. डोक्याला हेल्मेट, पायात टाचेचा बूट. टाच शोभेची नाही: रिकिबीतून पाऊल आरपार गेलं आणि मूल पडलं तर ते घोड्यामागे फरफटत जाईल, ते टाच अडवते. समोरून सरळ नाकावर जायचं नाही, मागून तर नाहीच. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या मागचं दिसत नाही. खांद्याकडून जायचं, बोलत बोलत. आणि पहिल्या दिवशी घोड्यावर बसायचं नाही, खरारा करायचा.

हे शेवटचं पालकांना पटत नाही. ‘पण आम्ही राइडिंगचे पैसे भरलेत.’ आजी मात्र लगेच पुढे झाल्या, नातीच्या हातातून खरारा घेतला आणि मानेपासून मागे केसांच्या दिशेनं फिरवू लागल्या. घोडा कुठला, विचारलं. भीमथडी, म्हटलं. ‘दिसतोच की,’ म्हणाल्या.

सुभेदार भीमथडी तट्टू आहे. आमच्याकडे यायच्या आधी तो धनगरांच्या वाड्याबरोबर फिरत होता. पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी कोकराएवढंच मूल. मराठ्यांच्या घोडदळाशी नाव जोडलेली ही जात मधल्या काळात कुणाच्या खिजगणतीत नव्हती. आता तिची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली आहे. सुभेदाराला त्याचं काही नाही. रंग मातकट, पोट सुटलेलं, मान आखूड. त्याचा फोटो कुणी मागत नाही.

पण ही पागा त्याच्यावर चालते. मूल एका बाजूला कलंडायला लागलं की तो पावलाची चाल सोडून थांबतो आणि पाठ त्या बाजूला सरकवतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, शिकवता येतही नाही. लगाम खेचून धरणारे हात, पोटावर आपटणाऱ्या टाचा, कानाजवळची किंकाळी, सगळं पचवतो. त्याच वेळी पक्का कामचुकारही आहे. तंग आवळताना पोट फुगवून उभा राहतो, म्हणून चार पावलं चालवून पुन्हा आवळावा लागतो. कोपरे खातो. गेटापाशी आला की ‘झालं ना?’ अशा चेहऱ्यानं थबकतो. मुलं शिकतात ती या लबाडीतूनच. सांगितलेलं सगळं निमूट करणाऱ्या घोड्यावर बसून स्वार होत नाही, पाहुणा होतो.

कुटुंबांसाठी पागा चालवायची तर आधी देखणे घोडे घ्यायचे आणि मग मुलं येतील तसं शिकवायचं, असा हिशेब बरेच जण करतात. माझ्या मते तो उलटा आहे. दोन सुभेदार मिळेपर्यंत पाटीच लावू नये.

कुंपणाबाहेर मात्र वेगळीच शाळा. ‘टाच खाली!’ एका वडिलांनी व्हिडिओ बघून पाठ केलं होतं ते तिसऱ्यांदा ओरडले. मुलगा त्यांच्याकडे बघतो, मान वळते, खांदा वळतो, सुभेदार त्याच बाजूला वळतो, आणि मी ‘सरळ’ म्हणत असते. मी जाऊन त्यांना एक बादली दिली आणि पाणी भरून आणायला सांगितलं. घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो. पालकांना गप्प ठेवायला इतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही.

नऊ

वडील मंडळींचा घोड्यावर बसायचा हट्ट. स्वार आणि सॅडल मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असावं, हा सर्वसाधारण दंडक. सुभेदार तीनशे किलो, म्हणजे साठ. त्यातून आठ सॅडलचे गेले, उरले बावन्न. बादल मारवाडी आहे, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकणारा, चारशे किलोचा, त्याच्यावर बहात्तर. काटा ऑफिसच्या दाराआड ठेवलाय, चारचौघांत नाही. तरीही एकानं पाकीट, किल्ल्या, घड्याळ काढून पुन्हा वजन केलं.

दहा

ऊन चढलं. घोड्यांना चालवत थंड करायचं, जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून नाडी मोजायची. विश्रांतीत ती मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस. मोजायचं काम मुलांचं. घोड्याचं हृदय आपल्याहून किती सावकाश चालतं हे कळलं की मुलं आपलीही नाडी बघतात, आणि मग अर्धा तास कुणी कुणाचं ऐकत नाही.

त्यानंतर लीद. टोपल्या, फावडी, एक ढकलगाडी. इथे कुणाला सूट नाही. ओल्या पेंढ्यासकट दिवसाचा ढीग मोठा होतो, तो आसपासचे शेतकरी आणि पॉलिहाउसमधले गुलाबवाले खतासाठी नेतात. एक आई नाकाला ओढणी लावून उभी होती, तिची मुलगी कोपरापर्यंत बरबटलेली. मग पोहे. हात धुवून, हे सांगावं लागलं.

दुपारी १२

नालबंद चाचा आले. खूर नखासारखे वाढतात. सहा-आठ आठवड्यांनी नाल काढून, वाढ कापून, कानशीनं सपाट करून पुन्हा ठोकायचा. खिळा खुराच्या बाहेरच्या निर्जीव भागातून जातो, थोडा आत गेला तर घोडा लंगडतो. चाचा ठोकताना बोलत नाहीत. आवाजावरून खिळा कुठे चाललाय हे त्यांना कळतं, आणि तेवढा वेळ पागेत गाणी बंद.

१ ते ४

जेवण. सॅडलला साबण. वह्या.

साडेचार

मोठ्यांची तुकडी. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत भारतानं ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता, आणि घोडेस्वारीतलं सुवर्ण एक्केचाळीस वर्षांनी आलं होतं. तेव्हापासून लोक येऊन ‘ड्रेसाज शिकायचंय’ म्हणतात. शिकवते की. वीस मीटर व्यासाचं एक वर्तुळ, गोलच, अंड्यासारखं नाही, एकाच वेगात. एवढ्यानं बहुतेकांचा उत्साह ओसरतो.

टिकलेल्यांत पंचेचाळिशीच्या एक बाई आहेत. मुलीला सोडायला येत होत्या. मुलगी नृत्याकडे गेली, आई इथेच राहिली. आज दुडक्या चालीवरून बादलची पहिली दौड सुटली. त्यांनी आयाळ धरली, किंचाळल्या नाहीत, अर्धं वर्तुळ झाल्यावर मात्र वाळूत बसलेल्या दिसल्या. हात-पाय हलवून पाहिले, हेल्मेट तपासलं. बादल दहा पावलांवर थांबून वळून बघत होता. ‘पुन्हा बसू?’ म्हणाल्या. पडल्यावर लगेच चढलंच पाहिजे, नाहीतर भीती बसते, असं जुने लोक म्हणतात. मी तसं करत नाही. डोकं आपटलं असेल तर घरी, नसेल तर आधी पाणी, आणि मग त्यांना हवं असेल तर. त्या चढल्या. तेवढ्यात ताम्हिणीकडून आभाळ पुन्हा भरून आलं आणि आम्ही सगळेच पळालो.

सात

चारा, आज काम झालं म्हणून थोडी वाढीव चंदी. गोमाश्या आणि डासांसाठी कडुनिंबाचा धूर. पावसाळ्यात या माश्यांमार्फत सरा नावाचा रक्ताचा आजार पसरतो, म्हणून मामा धुराच्या बाबतीत कंजुषी करत नाहीत. सुभेदाराला उद्या पूर्ण सुट्टी. रेशमाला नाही.

नऊ

फोन. सकाळचे ‘टाच खाली’वाले. मुलानं फारच मनावर घेतलंय, तर एक घोडा घेऊनच टाकावा म्हणतायत. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत चांगला मिळतो ना? पांढरा?

मिळतो, म्हटलं. तिथे तापीकाठी बाजार भरतो, जातिवंत घोडे येतात. पण त्याआधी आठवडाभर रोज सकाळी इथे या. लीद काढा, खूर साफ करा, मग बोलू.

‘रोज? बरं… ड्रायव्हरला पाठवलं तर चालेल का?’

चालेल की, म्हटलं. मग घोडाही त्याच्याच नावावर घ्या.