पोहता येत नाही, तरी समुद्रात उतरायचं आहे



बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या की हल्ली हळूच सहलीचा विषय निघतो. आधी शेगाव, सप्तशृंगगड, फार तर पंढरपूर. आता घरातल्या पोरी मोबाइलवर मालवणचं निळं पाणी दाखवतात. आठ-दहा जणी होडीत बसून आत जातात, जॅकेट घालून पाण्यात उतरतात, तोंड बुडवून खालचे मासे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, आपण जाऊ या का? आणि लगेच दुसरी म्हणते, "ताई, माले पानीनं भ्या वाटस."

हे भय खोटं नाही. आपल्या तापी-गिरणेच्या काठी पोरं पाठीला तुंबा नाही तर रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिचं पाण्यात उतरणं बंद. कानबाईच्या विसर्जनाला आपण नदीत उतरतो, तेही गुडघ्याएवढ्या पाण्यात. म्हणून आपल्या गटांतल्या बहुतेक बायकांना पोहता येत नाही, हे धरूनच आम्ही बोलणार आहोत.

अशा सहलीत पोहता येणं सक्तीचं नसतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होडी नेतात, इंजिन बंद करून नांगर टाकतात, आणि एकेकीला पाण्यात उतरवतात. अंगात जॅकेट, डोळ्यांवर काच, तोंडात हवेची नळी, हाताला धरायला रबरी रिंग आणि शेजारी शिकवणारा माणूस. आपण वरच तरंगायचं आणि खाली बघायचं. याला स्नॉर्केलिंग म्हणतात. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जातात ते स्कूबा. ते वेगळं काम आहे, त्यात तब्येतीची विचारपूस जास्त लागते. पहिल्यांदा जाणारीने वर तरंगण्यातच समाधान मानावं, असं आमचं मत. दोन्हीचे दर वेगळे असतात, म्हणून पैसे देण्याआधी कशाचे देतोय ते स्पष्ट विचारा.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. त्यामुळे ते विहिरीच्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं आणि माणसाला थोडं जास्त उचलून धरतं. पण खरी भिस्त जॅकेटवर. आणि जॅकेट म्हणजे नुसतं अंगावर टाकलेलं केशरी कापड नव्हे.

जॅकेट होडीत चढण्याआधी, किनाऱ्यावरच घाला. आत साधारण किती किलो वजनाच्या माणसासाठी आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचा. सगळे पट्टे लावा. मग जोडीदारणीला सांगा, खांद्यावर धरून वर ओढ. जॅकेट हनुवटीच्या, कानाच्या वर गेलं तर ते सैल आहे. पाण्यात ते वर जाईल आणि तुम्ही खाली राहाल. दोन मांड्यांमधून येणारा पट्टा असेल तर लाजून सोडू नका, तोच जॅकेटला जागेवर धरतो. फाटलेलं, पट्टा तुटलेलं, आतला फोम गोळा झालेलं जॅकेट परत करा आणि दुसरं मागा. "अहो ताई, काही होत नाही" असं म्हणणाऱ्यापुढे गप्प बसायचं नाही. गरम होतं म्हणून अर्ध्या वाटेत काढून उशाला घ्यायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईहून घारापुरीला जाणाऱ्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली, तेव्हा अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. धडक बसल्यावर ते शोधायला, घालायला वेळ मिळत नाही.

आता माणसं मोजण्याचं. हे आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. १५ जानेवारी २०१९, संक्रांतीचा दिवस. आपल्याच शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात भुशा इथे नर्मदेत भाविकांची बोट उलटली. होडीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती, बुडालेल्यांत लहान मुलंही होती. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबा करून परत येणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. ती परतीच्या वाटेवर होती. म्हणजे समुद्र बघून झाला, आता काय, असं म्हणून जॅकेट सोडायचं नाही.

प्रवासी होडीला परवाना लागतो आणि किती माणसं बसवायची ती संख्या ठरलेली असते. महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळाकडे आहे. होडीवर तो आकडा लिहिलेला असतो. नसेल तर विचारा. तांडेल आणि मदतनीस धरून माणसं मोजा, आणि कडेवरचं मूलही एक माणूस धरा. आमच्या एका सहलीत तेरा जणी बसल्यावर होडीवाल्या दादांनी आणखी एक कुटुंब बसवायला घेतलं. गटातली एक एवढंच म्हणाली, "मग आम्ही उतरतो." आणि तेराच्या तेरा जणी उतरल्या. अर्धा तास उन्हात थांबावं लागलं, दुसरी होडी आली. एकटी बाई असती तर तिला "तुम्हालाच फार भीती" म्हणून गप्प बसवलं असतं. तेरा जणींना तसं म्हणता येत नाही. बँकेत, ग्रामसभेत आपण हेच करतो, तिथे करतो ते धक्क्यावर का नको?

म्हणून गट मोठा असेल तर तुकड्या करा. सहा-आठ जणींची एक तुकडी बरी. तेवढ्यांत शिकवणाऱ्याचं प्रत्येकीकडे लक्ष राहतं आणि आपलंही एकमेकींकडे. पाण्यात एका वेळी दोघीच उतरा, बाकीच्या वरून बघत राहा. जोडी ठरवून घ्या, शक्यतो सासू-सुनेची नको, कारण दोघी एकमेकींना धीर देण्याऐवजी एकमेकींची काळजीच करत बसतात! चढताना, उतरताना, परत निघताना मोजणी एकीनेच करायची. जिच्याकडे गटाची वही असते तिलाच हे काम द्या.

पाण्यात उतरण्याआधी दोन गोष्टी बघा. इंजिन पूर्ण बंद झालं का, कारण मागे पंखा फिरत असतो. आणि वर चढायला शिडी आहे का. उतरणं सोपं असतं. भिजलेलं अंग, दुखरे गुडघे घेऊन वर येणं अवघड. शिडी नसलेल्या होडीतून आपल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांनी पाण्यात उतरू नये.

कपड्यांचं बोलू. साडी नको. नऊवारी असो की सहावारी, भिजली की जड होते, पायात गुंडाळते, शिडीला अडकते. सलवार-कुडता चालेल, ओढणी नको. त्याहून बरं म्हणजे लेगिंग आणि घट्ट टी-शर्ट. लाज वाटत असेल तर सगळ्याच जणी तसं घाला, मग कोण कुणाला हसणार? मंगळसूत्र, पाटल्या घरी किंवा खोलीवर ठेवा. पाळी आली असेल तर पाण्यात उतरायचं की नाही ते जिचं तिने ठरवावं. त्यात विटाळाचा प्रश्न नाही, समुद्राला काही होत नाही. नुसता पॅड मात्र पाण्यात निरुपयोगी असतो, तेव्हा त्या दिवशी होडीत बसून बघितलं तरी सहल होते.

घरी एक सराव करता येतो. घमेल्यात किंवा टोपात पाणी घ्या, तोंडाने श्वास घेऊन चेहरा बुडवा, पाण्यात हळूहळू फुगे सोडा, वर या. रोज दहा वेळा, आठ दिवस. स्नॉर्केलिंगमध्ये नाक काचेच्या आत बंद असतं आणि श्वास तोंडाने घ्यायचा असतो. बहुतेक जणी तिथेच घाबरतात, पाण्याला नाही. ज्यांनी घमेल्यात सराव केला त्या समुद्रात लवकर रुळतात, हे आम्ही पाहिलं आहे. नाकातोंडात पाणी गेलं तर हातपाय झाडू नका. पाठीवर वळा, तोंड आकाशाकडे करा, जॅकेट तुम्हाला धरून ठेवेल. होडीच उलटली तर किनारा जवळ दिसतो म्हणून हातपाय मारत निघू नका. होडीला धरून राहा, एकमेकींना धरून राहा.

ज्यांना फिट येतात, दमा आहे, हृदयाचा त्रास आहे, ब्लडप्रेशर ताब्यात नाही, कान वाहतो, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी पाण्यात उतरायचं नाही, आणि होडीत बसण्याआधीही डॉक्टरांना विचारावं. हे लपवू नका. शिकवणाऱ्या दादांना मोठ्याने सांगायला संकोच वाटला तर गटातल्या एकीला सांगा, ती सांगेल.

घाटात एसटीत ज्यांना उलटी होते त्यांना होडीतही होईल. पोटभर जेवून चढू नका, अगदी उपाशीही नको. एखादी दशमी, थोडी चटणी, पुरे. नजर लांब, आकाश आणि पाणी मिळतं तिथे ठेवा. बाथरूमची सोय नाही म्हणून आपण बायका पाणीच पीत नाही, ही सवय समुद्रावर अंगाशी येते. निघण्याआधी जाऊन या आणि पाणी प्या. ऊन पाण्यावरून उलटूनही लागतं.

आता भरती-ओहोटी. आपण तिथी पाळणाऱ्या बायका, तेव्हा हे आपल्याला पटकन कळेल. समुद्र दिवसरात्रीत साधारण दोनदा चढतो, दोनदा उतरतो. अमावास्या-पौर्णिमेला हा चढउतार मोठा असतो, त्याला उधाण म्हणतात. अष्टमी-नवमीच्या सुमारास तो लहान असतो, त्याला कोकणात भांग म्हणतात. कोळी लोकांचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. मुंबईच्या बाजूला हा हिशेब बराच जुळतो, मालवणकडे भरती सुमारे तासभर आधी लागते. हा अंदाज आहे, अखेरचा शब्द तांडेलाचा. पण सहलीची तारीख धरताना भांगाचे दिवस धरले तर पाण्याची ओढ कमी मिळते. पावसाळ्यात या होड्या बंद असतात. आपल्याला संक्रांतीनंतरचे दिवस सोयीचे. कापसाची वेचणी आटपत आलेली असते आणि पाणीही नितळ असतं.

मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खाली प्रवाळ आहेत. दिसायला दगड, पण जिवंत. त्यावर पाय देऊन उभं राहू नका. ते मोडतात आणि आपला पायही कापतो. किल्ल्यावर जाणार असाल तर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी बघा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये या कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं. आपल्याकडे उन्हाळ्यात हंड्यासाठी मैलभर चालणाऱ्या बाईला त्या विहिरींपाशी उभं राहून काय वाटतं, ते तिथे जाऊनच कळतं.

आणि ज्यांना काही झालं तरी पाण्यात उतरायचं नाही, त्यांनी मालवणच्या दक्षिणेला वेंगुर्ल्याला जावं. तिथे मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायकांनी २०१७ च्या सुमारास कांदळवनातून होडीची फेरी सुरू केली. वल्ही त्याच मारतात, झाडं-पक्षी त्याच दाखवतात. खाडीचं पाणी संथ असतं. आपल्यासारखाच बचत गट आणि धंदा होडीचा. त्यांना हिशेब कसा ठेवता, पावसाळ्यात काय करता, पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं तेव्हा घरचे काय म्हणाले, हे सगळं विचारा.

पैशाचं एक सांगून टाकतो. गटाच्या बचतीतून किंवा अंतर्गत कर्ज काढून सहल करू नका. सहलीचा डबा वेगळा ठेवा, त्यात महिन्याला जमेल तेवढं टाका, त्याची वहीही वेगळी. दहा-बारा महिन्यांत होतं. होडीवाल्याशी बोलताना एका माणसाचा दर, किती वेळ, पाण्यात किती मिनिटं, जॅकेट-काच-नळी धरून की वेगळं, फोटोचे पैसे वेगळे का, हे पाचही आधी ठरवा. हवा बिघडली आणि होडी निघाली नाही तर पैसे परत मिळतील का, हेही.

भुसावळ-जळगाववरून मंगला एक्स्प्रेस थेट कोकण रेल्वेने जाते. मालवणला कुडाळ स्टेशन तीसेक किलोमीटरवर. गाडी कुठे थांबते ते तिकीट काढतानाच बघून घ्या. धुळ्याच्या सख्यांनी आपल्याला जवळ पडेल ते स्टेशन धरावं. निघण्याआधी प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये दोन नंबर घाला: ११२ आणि समुद्रावरच्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा, आणि एक मोबाइल किनाऱ्यावर थांबलेल्या बाईकडे राहू द्या, तिला होडीचं नाव आणि निघाल्याची वेळ सांगून.