शिडाच्या होडीचा खरा आधार

शिडाची छोटी होडी विकत घेताना सामान्य माणसाची नजर रंगावर आणि शिडाच्या शुभ्रतेवर खिळते. परंतु वाऱ्याचा भार ज्या तारा सोसतात, त्यांच्या बांधणीची तजवीज कारखान्यात कितपत काटेकोरपणे झाली आहे, यावरच डोलकाठीचे, आणि पर्यायाने खलाशाचे, भवितव्य अवलंबून असते. सहसा न गंजणाऱ्या पोलादाचे बहुधा 19 तंतू पिळून केलेली ही तार टोकाच्या नळीत यंत्राच्या प्रचंड दाबाने घट्ट आवळली जाते. हातच्या हत्यारांनी ही मजबुती साधणे दुर्घट असते. तथापि खारे पाणी नळीत झिरपून तिला आतून पोखरते. म्हणून नळीवर केसाएवढी चीर दिसताच तार बदलावी, तेथे काटकसर मुळीच करू नये.