कैची, चाकू आणि साखरखेर्डा

तुमच्या घरात कैची असेल, चाकू असेल, चमचा तर असेलच. किल्ल्यावर एखादी जुनी तोफ पाहिली असेल. हे सारे शब्द मूळचे तुर्की. आता तुर्कस्तान कुठे आणि आपले मेहकर-सिंदखेड कुठे! हे शब्द घाट चढून आपल्याकडे आले तरी कसे?

मध्य आशियाच्या गवताळ माळांवर तुर्क टोळ्या मेंढ्या-घोडी घेऊन हिंडत. पाऊस बेताचा, शेती थोडी, म्हणून जनावर हेच धन. त्यांतल्या कित्येक पश्चिमेकडे वळल्या. 1071 साली मांझिकर्टच्या लढाईत बायझंटाईन बादशहा कैद झाला आणि आनातोलियाचे पठार त्यांना मोकळे झाले. उंच, कोरडे, चराईला उत्तम असे ते पठार. तिथे बायकापोरे, तंबू, कळप यांसह टोळ्याच्या टोळ्या उतरल्या, आणि हळूहळू त्या मुलखाची बोलीच तुर्की झाली.

दुसरी वाट दिल्लीवरून दक्षिणेत आली. त्या वाटेने आले ते बहुतेक शिपाई आणि सरदार. आपल्याच जिल्ह्यातला साखरखेर्डा घ्या. ऑक्टोबर 1724 मध्ये तिथे निजामउल्मुल्काने मुबारिझखानाला बुडवले. बाजीराव पेशवे त्या वेळी निजामाच्या बाजूने होते, हेही ध्यानात ठेवा. गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळाले आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया पक्का झाला. या निजामाचे आजोबा समरकंदकडचे. त्यांचा किताब किलीचखान. किलीच म्हणजे तुर्कीत तलवार.

पण ही मंडळी दफ्तर लिहीत फारसीत. शिवाय आपली काळी जमीन चराईची नव्हे, नांगराची. घाटाखाली पूर्णेचे खोरे घ्या की घाटावर पैनगंगेचा काठ, सारा घेणारे बदलले, औतामागचा माणूस वऱ्हाडीच बोलत राहिला. म्हणून तुर्की आपल्याकडे आली ती वस्तूंच्या नावांपुरती, तीही फारसीच्या खांद्यावर बसून.

तुर्कस्तानने 1928 मध्ये अरबी लिपी टाकून रोमन घेतली, पुढे अरबी-फारसी शब्दही वेचून काढले. आपल्याकडे शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवला, पण तो राज्यकारभाराच्या शब्दांसाठी. घरातल्या कैचीला कुणी हात लावला नाही, आणि माझ्या मते बरेच झाले. 'कर्तरी' मागून पाहा बरे एखाद्या शिंप्याकडे!

गुरुजींनो, सिंदखेडराजा तालुक्यातल्या शाळांना साखरखेर्डा काही लांब नाही. सहल काढाल तेव्हा मुलांना त्या गावाची दोन्ही नावे जरूर सांगा.